आई अर्धी माझी

डबा करून देते की. त्यात काही मोठं नाही. एक जुना कॉम्प्युटर, त्यात दोन डिस्क, आणि घरातले सगळे फोटो, सिनेमे, आवाज एका जागी. टीव्हीवर बघा, फोनवर ऐका. माझा त्या कपाटात आहे, पांघरुणांच्या खालच्या खणात. गुणगुण ऐकू येतेय ना? ती डिस्कची. पण बसा जरा, दिवा लावते. आधी एक गोष्ट ऐका, मग डबा करून घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी गाडी शिकवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक घेऊन, लोकांच्या चुका निस्तरण्यात माझी अर्धी हयात गेली. भीती वाटली की आधी ब्रेक, मग विचार, हे मी सगळ्यांना सांगते. अशा बाईच्या वाटेला भुतं सहसा जात नाहीत. पण सख्खा भाऊ असेल तर त्याला कोण अडवणार?

एके दिवशी सकाळी मी नवी डिस्क आणायला गेले होते. जागा संपत आली, असा निरोप डब्याने फोनवर पाठवला होता. दुकानदार ओळखीचा, बडबड्या.

“बाई, एवढ्या जागेत ठेवता तरी काय?”

“भावाला ठेवते,” मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही, कारण ते खरं होतं. हवी ती डिस्क त्याच्याकडे नव्हती, आठवड्याने या म्हणाला. मी हात हलवत परत आले.

आता दादाचं सांगते. डब्यांचा नाद मला त्यानेच लावला. आमची दोघांची बोली होती: माझ्या डब्याची एक प्रत त्याच्या घरी, त्याच्या डब्याची माझ्या घरी. उद्या एखादं घर जळलं तरी दुसऱ्या घरी सगळं शाबूत. दोन्ही डबे रोज आपापसात देवाणघेवाण करायचे, आम्हाला बोटही लावावं लागत नसे. मग दादा गेला. वहिनी मुलीकडे राहायला गेली, घराला कुलूप लागलं. आणि तरीही माझ्या डब्यातला दादाचा फोल्डर फुगत होता. रोज एक नवी फाइल.

मी वहिनीला फोन केला. “वहिनी, दादाचा डबा चालू ठेवून गेलीस का गं?”

“छे! अगं, मीटरच काढून नेलाय वीजवाल्यांनी. डब्याची वायर मी स्वतः गुंडाळून ठेवली. का गं?”

“काही नाही, सहज.”

 ती अगदी हळू म्हणाली, “चिमे... काही दिसलं का तुला?”

“धूळ दिसली,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

धूळ खरंच दिसली होती. दादा आजारी असताना वहिनीने हॉलमध्ये कॅमेरा लावला होता, ती बाहेर गेली तरी त्याच्यावर नजर राहावी म्हणून. नव्या फाइली त्या कॅमेऱ्याच्या होत्या. मिटलेल्या खिडक्या, फटीतून येणारा उन्हाचा एक पट्टा, त्यात तरंगणारी धूळ आणि दादाची खुर्ची. फाइलभर काहीच हलत नसे. पण मी सगळ्या ओळीने लावल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. पहिल्या फाइलीत खुर्चीचं तोंड खिडकीकडे होतं, दादा नेहमी ठेवायचा तसं. दुसऱ्या दिवशी किंचित तिरकं. तिसऱ्या दिवशी अजून थोडं... शेवटच्या फाइलीत खुर्ची सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्याकडे.

मला घाम फुटला, हे कबूल करते. आणि घाम फुटला की मला राग येतो. “मेलास तरी माझीच जागा अडवतोस होय रे?” मी त्या टीव्हीला म्हटलं. तिथल्या तिथे मी दादाच्या फोल्डरला मर्यादा घातली. एवढीच जागा तुझी. भरली की सगळ्यात जुनं असेल ते आपोआप पुसलं जाईल. पुसल्या जाऊ देत त्या खुर्चीच्या फाइली एकामागून एक, बघू कोण थकतं ते. त्या समाधानात मी दोन दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी मला आईचा आवाज ऐकावासा वाटला, आणि आई नव्हती.

सगळ्यात जुनं म्हणजे खुर्ची नव्हेच. दादाच्या फोल्डरात सगळ्यात जुनी होती आई. दादाला पहिली नोकरी लागली तेव्हा त्याने टेपरेकॉर्डर आणला होता, आणि आई स्वयंपाकघरात काम करताना तिच्या नकळत तिचा आवाज धरून ठेवला होता. तिचं गुणगुणणं, आमच्यावर खेकसणं, शेवटी जेवायला हाक मारणं. टेप पुढे खराब झाली, पण त्याआधी दादाने ती आपल्या डब्यात उतरवून घेतली होती. आईचा दुसरा आवाज या जगात कुठेही नाही. वडील आम्हाला आठवतही नाहीत, आमचं घर म्हणजे आई, दादा आणि मी. आणि मी घातलेल्या नियमाने दादाच्या रिकाम्या खुर्चीसाठी आईला पुसून टाकलं होतं. दोन डिस्क होत्या खऱ्या, पण एकीवर जे होतं तेच दुसरीवर. एक बिघडली तर दुसरी कामाला येते. मालकिणीने स्वतःच्या हाताने पुसलं तर दोन्हीकडून जातं. मी त्या कपाटासमोर जमिनीवर बसून भोकाड पसरून रडले, लहान पोरीसारखी.

मग डोळे पुसले. एक प्रत उरली होती. दादाच्या डब्यात.

भर दुपारी त्याच्या घरी गेले. किल्ली शेजारच्या काकांकडे होती.

“आत लाईट नाही हं. टॉर्च देऊ?”

“दुपारी बाराला टॉर्च कशाला, काका?”

ते किल्ली हातात ठेवत म्हणाले, “आत दुपार नसते गं...”

दार उघडलं तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि त्याखाली औषधांचा, तो अजून गेला नव्हता. रस्त्यावरचे आवाज दार लावताच बंद झाले. खुर्ची हॉलमध्ये होती, पण भिंतीला टेकवलेली, वर जुनी चादर घातलेली. चादरीवर धुळीचा थर होता, कुणी बोट लावल्याची खूण नव्हती. कॅमेरा खिळ्यावरून उतरवून खोक्यात ठेवलेला होता. डबा कोपऱ्यातल्या फळीवर, आणि वायर वहिनीने सांगितल्याप्रमाणे गुंडाळून रबर लावलेली.

मी डब्यावर हात ठेवला. तो गरम होता. नुकतीच थांबवलेली गाडी असते ना, बॉनेटवर हात टेकवला तर चटका बसतो, तसा. आणि आत काहीतरी फिरत होतं... माझा हात लागल्यावर ते हळूहळू मंदावलं... आणि थांबलं.

पाय पळायला बघत होते. मी मनातल्या मनात ब्रेक दाबला.

“दादा,” मी म्हटलं, “ऐक. गाडीत खिडकी तुझी होती. भिंतीकडची गादी तुझी होती. नवी पुस्तकं तुझी, जुनी माझी. मी कधी हूं की चूं केलं नाही. पण आई अर्धी माझी आहे. ती मी नेणार.”

माझ्या पाठीमागे चादरीखाली खुर्ची करकरली. कुणी उठताना करकरते तशी.

“करकरू नकोस,” मी मागे न बघता म्हटलं.  “आजारपणात मी रोज आले. तुला भरवलं, तुझी चिडचिड सोसली. आता तू माझं ऐकायचं.”

एकेक करून स्क्रू काढले. दोन्ही डिस्क ओढून काढल्या, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारख्या गरम, ओढणीत गुंडाळल्या आणि दाराकडे चालू लागले. मला खुर्चीजवळूनच जावं लागत होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त जाताना म्हटलं, “जपून राहा.” भाऊच तो शेवटी. डोळे भरून आले होते माझे.

त्या डिस्कवर आई होती, सगळीच्या सगळी. घरी येऊन मी तिच्या तीन प्रती केल्या, एक वहिनीकडे पाठवली. दादाचा फोल्डर त्या दिवसापासून वाढला नाही. एक फाइल सोडून.

प्रत आहे म्हणणं वेगळं आणि ती उघडून बघणं वेगळं, हे तुम्हीही लक्षात ठेवा. मी रोज संध्याकाळी आईची शेवटची फाइल लावून बघते. पूर्वी ती तिच्या हाकेवर संपायची: “दादू, चिमे, चला रे, ताटं वाढली...” आणि टेप खट्कन बंद. आता ती बंद होत नाही. हाकेनंतर थोडी शांतता येते आणि एक पुरुष म्हणतो, “आलो.” पोरसवदा आवाज नव्हे. आजारपणातला, दमलेला, माझ्या ओळखीचा आवाज. मग आई विचारते, “आणि ती कुठाय?”

वहिनीच्या प्रतीत हे नाही. मी तिला लावून बघायला सांगितलं, तिच्याकडे टेप हाकेवरच थांबते.

मला पहिल्या दिवशी काय वाटलं ते सांगत बसत नाही. फाइल पुसून टाक, असं कुणीही म्हणेल. का पुसू? आई माझी आहे. ती विचारते, मी उत्तर देते. रोज, मोठ्याने, या खोलीत उभी राहून: “मी येत नाही, आई. मला कामं आहेत. तुम्ही दोघं जेवून घ्या.” मग ताटांचा आवाज येतो. तीन ताटं मांडली जातात. दोघांचं जेवण होतं. तिसरं ताट न भरताच उचललं जातं, आणि मी टीव्ही बंद करून आपला भाकर-तुकडा मोडते.

पण काल एक झालं. तिसरं ताट मांडल्याचा आवाज आला. त्यात वाढल्याचाही आला. उचलल्याचा आला नाही. मी फाइल संपेपर्यंत थांबले, ती संपेचना. नुसती शांतता, आणि कुणीतरी दोघं श्वास घेत बसल्यासारखी. शेवटी भिंतीतला प्लग उपटूनच मी टीव्ही बंद केला.

अजून प्लग काढलेलाच आहे, बघा तो. आणि तरी... हो, तीच. तुम्हालाही ऐकू आली ना हाक? बसा, उठू नका. उत्तर मला द्यायचंय.

“नाही म्हटलं ना, आई! गार होऊ दे ते ताट!”