भेगेच्या टोकाला भोक

‘टिक्!’

शलाकाने शेंगदाण्यांचं पाकीट मांडीवर ठेवलं आणि कान टवकारले. वाऱ्याने यान डावीकडे कललं की आवाज यायचा. सरळ झालं की थांबायचा. पुन्हा कललं की पुन्हा ‘टिक्’.

त्यांचं यान ‘मंदाकिनी’ हे खरं म्हणजे विमान नव्हतंच. हेलियमने (हवेपेक्षा हलक्या आणि न पेटणाऱ्या वायूने) भरलेला एक अजस्र फुगा, आणि त्याच्या पोटाखाली चार रुंद पट्ट्यांनी टांगलेली एक खोली. चिखलदऱ्याच्या पठारावरच्या प्रयोगशाळेत ती तयार झाली होती. आकाशात उडणारी यानं आणि ती ज्यांपासून बनतात ते पदार्थ, या दोन्हींवर तिथे संशोधन चाले. त्या चार पट्ट्यांचा मिश्रधातू (दोन-तीन धातू एकत्र वितळवून केलेला धातू) शलाकाच्या आबांनी, डॉ. भास्कर निमकरांनी शोधला होता. आज चाचणीची फेरी संपवून मंदाकिनी मेळघाटच्या जंगलावरून घरी निघाली होती, आणि सुट्टीला आलेल्या नातीला आबांनी हौसेने सोबत घेतलं होतं.

“ठोकळ्या, तुला आवाज येतोय?” शलाकाने विचारलं.

ठोकळ्या म्हणजे यान चालवणारा यंत्रमानव. डोकं चौकोनी, म्हणून हे नाव. “शलाकाताई, मला पंख्यांची घरघर ऐकू येते. बारीक आवाज मी गाळून टाकतो. नाहीतर डोकं उठतं.”

आबा मात्र लगेच उठले. पट्ट्यांची खालची टोकं खोलीच्या आत आलेली होती; त्यांनी एकेका पट्टीला कान लावला. चौथ्या पट्टीपाशी ते थबकले, भिंग काढून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी शलाकाला जवळ घेतलं.

“बघ. कडेपासून आत आलेली रेघ दिसते?”

केसासारखी बारीक रेघ होती. “भेग आहे?”

“भेग आहे. वाऱ्यानं यान डुलतं, पट्टी ताणली जाते, सैल होते, परत ताणली जाते. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की मोडते ना? तसाच हा धातूचा थकवा (वारंवार ताण बसून धातू कमजोर होणं). प्रत्येक ‘टिक्’ला भेग जराशी पुढे सरकते.”

“मग खाली उतरू या!”

“कुठे उतरवू?” ठोकळ्या म्हणाला. “खाली नुसती झाडी आणि दऱ्या. पठार अजून दोन तासांवर आहे. ही पट्टी तुटली, तर उरलेल्या तिन्हींवर भार येईल. त्या टिकतील असं माझं गणित सांगतं, पण छातीठोकपणे नाही सांगत.”

 शलाकाने आबांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं. आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “घाबरायला हरकत नाही, पोरी. मीही घाबरलोय. पण हात रिकामे नको ठेवायला.” आणि त्यांनी अवजारांच्या पेटीतून चक्क भोक पाडायचं यंत्र काढलं.

“आबा! आधीच चिरलेल्या पट्टीला तुम्ही भोक पाडणार?”

आबांनी तिचं शेंगदाण्यांचं पाकीट उचललं. “हे मधूनच फाडून दाखव.”

शलाकाने जोर लावला. पाकीट काही फाटेना.

“आता त्या कडेच्या बारीक खाचेपाशी फाड.”

चर्रकन फाटलं. शेंगदाणे सांडायच्या आत तिनेच हात थांबवला.

“खाच एवढीशी, मग फरक एवढा कसा?” आबांनी विचारलं, आणि मग स्वतःच सांगायला लागले. “शाळा सुटताना फाटकाची एक बाजू बंद असली तर काय होतं? त्या बाजूची सगळी मुलं वळून फाटकाच्या कडेपाशी येतात. तिथे जो उभा असेल तो चेंगरतो. पट्टीतला ताणही असाच वाहत असतो. वाटेत भेग आली की तो वळसा घालतो आणि भेगेच्या टोकाशी गर्दी करतो. टोक जितकं अणकुचीदार, तितकी गर्दी जास्त. याला म्हणतात ताणसंकेंद्रण (सगळा ताण एकाच जागी गोळा होणं).”

शलाका पाकिटाकडे बघत राहिली. “म्हणजे टोक अणकुचीदार नसेलच तर...?”

 खिशातलं पेन काढून आबांनी फाटलेल्या रेघेच्या अगदी टोकाशी गोल भोक पाडलं आणि पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ओढलं. फाटत आलेलं प्लास्टिक भोकापाशी अडलं. आणखी ओढलं, तरी भोक नुसतं लांबट झालं.

“गोल आहे ना! गर्दीला उभं राहायला जागा मिळाली,” शलाका ओरडली.

“शाब्बास! भोकानं पट्टी थोडी कमजोर होतेच. पण अणकुचीदार टोकाइतका धोका गोल भोकाला नसतो.”

ठोकळ्याने यानाचा वेग कमी केला. शलाकाने दिवा धरला आणि आबांनी रेघेच्या टोकाशी भोक पाडलं. धातूचा चुरा हातावर पडला तो गरम होता. मग तिघेही कान देऊन ऐकू लागले.

यान डावीकडे कललं.

‘टिक्!’

आबांचा चेहरा उतरला. “खरं टोक अजून पुढे असणार. शेवटचा भाग इतका बारीक असतो की भिंगातूनही दिसत नाही. प्रयोगशाळेत आम्ही लाल रंगाचा पातळ द्रव लावतो, तो भेगेत शिरतो. पण ती बाटली तिथेच आहे.”

“माझ्या कपाची चीर तशीच दिसायला लागली होती,” शलाका हळूच म्हणाली. “चहा आत शिरून. आबा, चहा चालेल?”

“चहा पटकन वाळून जाईल गं. पण बरोबर वाटेवर आहेस. न वाळणारं, बारीक फटीत शिरणारं काहीतरी हवं. तेल!”

“तेल माझ्याकडे आहे,” ठोकळ्या म्हणाला. त्याने कोपर उघडून आतली इवलीशी कुपी पुढे केली. “सांध्यांना घालायचं. थोडं ठेवा मला, नाहीतर हात कुरकुरतो.”

आबांनी भोकाच्या पुढे तेल चोळलं, जरा थांबून फडक्याने पट्टी कोरडी पुसली. आता आत शिरलेलं तेल बाहेर कसं दिसणार? शलाकाने इकडेतिकडे पाहिलं आणि आबांची पिशवी उपसली. घामोळ्यांसाठी ते पावडर बाळगत आणि आजी त्यावरून त्यांना कायम हसत असे. तिने मूठभर पावडर पट्टीवर भुरभुरली.

पांढऱ्या पावडरीवर एक ओलसर काळी रेघ उमटत गेली. भोक ओलांडून करंगळीच्या नखाएवढी पुढे जाऊन ती संपली.

“भेगेतलं तेल पावडरीनं ओढून घेतलं,” आबा पुटपुटले. यान डुलत होतं, म्हणून शलाकाने त्यांच्या मनगटाखाली आपला तळहात आधाराला दिला. दुसरं भोक त्या रेघेच्या टोकावर पडलं. आबांनी त्याची कड घासून गुळगुळीत केली.

यान कललं. सरळ झालं. पुन्हा कललं.

पंख्यांच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. शलाकाने आबांच्या कुशीत डोकं खुपसलं आणि पठार दिसेपर्यंत बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली होती. भेग जोडणीच्या वेळी पडलेल्या एका ओरखड्यापासून सुरू झाली होती.

“तुमची पट्टी नापास झाली?” शलाकाने काळजीने विचारलं.

“छे! जी पट्टी कधी चिरतच नाही, ती कुठपर्यंत टिकेल हे आपल्याला कसं कळणार? हिनं मला शिकवलं. संशोधनातून नेहमी नवी वस्तूच निघते असं नाही. कधी नवी समज निघते. ती लिहून काढायची, म्हणजे जगातल्या कुणाच्याही यानाला उपयोगी पडते.”

“त्यात माझ्या तेलाचा उल्लेख येईल ना?” ठोकळ्याने दारातून विचारलं.

शलाका सूक्ष्मदर्शकातून अजून त्या रेघेकडे बघत होती. “आबा, तेल भेगेत आपोआप शिरतं. मग धातूच्या आतच एखाद्या चिकट द्रवाचे थेंब लपवून ठेवले तर? भेग पडली की थेंब फुटेल, द्रव भेगेत शिरेल, तिथेच घट्ट होईल. जखमेवर खपली धरते तसं.”

आबांनी चष्मा काढला. “प्लास्टिकमध्ये असे प्रयत्न झालेत. धातूत मात्र अडचण मोठी आहे. वितळलेला धातू इतका तापलेला असतो की थेंब जळूनच जातील.”

“मग न जळणारा थेंब शोधायचा.”

 आबांनी आपल्या टेबलाशेजारी दुसरी खुर्ची ओढली. “बस इथे,” ते म्हणाले. “आणि थेंबाचं पुन्हा पहिल्यापासून सांग. सावकाश सांग, मला नीट समजून घ्यायचंय.”