टाकीकडून इंजिनकडे

मावशीची गाडी सोसायटीच्या गेटच्या बरोब्बर मधोमध आचके देऊन बंद पडली आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. माझ्या नाकावर राग कायमच मुक्कामाला असतो. मी काच खाली करून मान बाहेर काढली.

“वरून उडून जाऊ का?”

“नको... न्यूट्रलला टाका, मी ढकलतो,” स्कूटरवरचा माणूस म्हणाला. हेल्मेट काढलं, तर दुसऱ्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले दातांचे डॉक्टर! बाह्या सरसावून त्यांनी गाडीला खांदा लावला, आणि त्यांच्याकडे बघण्याच्या नादात मी स्टिअरिंग वळवायचंच विसरले. गाडी मावशीच्या कुंडीला जाऊन टेकली.

मावशीचा पाय मोडला म्हणून मी तिच्याकडे आले होते. आता ती तुरुतुरु चालायला लागली होती, डोंगरापलीकडच्या गावातल्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि ही जुनी गाडी मावशीने मला देऊन टाकली होती. सोमवारी सकाळी निघायचं होतं. फक्त चढ आला की गाडी आचके द्यायची.

“पेट्रोल फिल्टर चोंदला असेल,” डॉक्टर म्हणाले.

“गॅरेजवाल्याकडे दे आणि मोकळी हो,” मावशी म्हणाली.

“मी घरीच बदलणार,” मी म्हणाले. एकटीने राहायचं, एकटीने घाट चढायचा, तर गाडीच्या पोटात काय चाललंय ते मला कळायला नको?

मग डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखान्यातून आले की खालीच थांबायला लागले. गाडीचं माहितीपुस्तक बॉनेटवर उघडून आम्ही दोघं वाचायचो. खरं तर एक पान वाचायला कुणाला इतका वेळ लागत नाही. वरच्या झाडाची बारीक पिवळी फुलं पानावर पडायची, ते हळूच फुंकर घालून ती उडवायचे... आणि माझी ओळ चुकायची.

रविवारी दुपारी कामाला सुरुवात केली. फिल्टर काढण्याआधी नळीतला दाब घालवावा लागतो. इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढायचा आणि नळीत उरलेलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. मी स्टिअरिंगवर बसले, डॉक्टर शेजारी.

“कुठे जायचं, मॅडम?”

“तुम्ही सांगा.”

“समुद्राकडे जाऊया?”

“पेट्रोल पुरेल?”

“नाही पुरणार...” ते म्हणाले.

समोर नुसती कंपाउंडची भिंत होती. पण इंजिनची मंद थरथर पायांतून वर येत होती, खिडकीतून वारा येत होता, आणि शपथेवर सांगते, मला भिंत दिसतच नव्हती. लांबच लांब रस्ता दिसत होता, आणि शेजारी हा माणूस. इंजिनने दोन उचक्या दिल्या आणि ते थांबलं. आम्ही मात्र उतरलो नाही. कितीतरी वेळ...

मग बॅटरीची तार सोडली, गाडी जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड लावले. डॉक्टर हातमोजे घालून, कपाळाला टॉर्च लावून गाडीखाली सरकले. दवाखान्यातला तो छोटा गोल आरसाही त्यांनी आणला होता. मी बाजूला पालथी पडून पाने-पकडी पुढे करत होते.

“थोडं उघडा... अजून थोडं... दुखलं तर हात वर करा.”

“कोण, मी?”

“नाही हो, गाडी.”

हसता हसता मी नवा फिल्टर त्यांच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली, आणि हातमोज्यातूनही ती गरम वाटली.

“फिल्टरवरचा बाण टाकीकडून इंजिनकडे हं!” मी बजावलं.

“हो...”

त्यांना फारच वेळ लागला. पण शेवटी सगळं जागच्या जागी बसलं. थेंबभरही गळत नव्हतं, आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मी टाळ्या पिटल्या. डॉक्टरांचा चेहरा मात्र पडला. दमले असतील, मला वाटलं.

सोमवारी सकाळी मावशी गॅलरीतून हात हलवत होती. दुसऱ्या मजल्यावरचं दार बंद. साधं ‘जपून जा’ म्हणायलाही माणसाने खाली येऊ नये? मला रडूच यायला लागलं. दात-ओठ खात मी गाडी सुरू केली, आणि गेटपाशी डॉक्टर धावत आडवे आले. पायात स्लीपर, हनुवटीवर टूथपेस्ट.

“थांबा! फिल्टर उलटा बसलाय. बाण टाकीकडे आहे. ते... आरशात बघून बसवला ना, उलटं दिसलं...”

मी खाली उतरले. “डॉक्टर, तुम्ही दिवसभर आरशातच बघून लोकांचे दात कोरता.”

त्यांची ततपप झाली. “मुद्दाम बसवला,” ते शेवटी म्हणाले. “वाटलं, गाडी सुरू होणार नाही. एखादा दिवस तरी थांबाल... पण ही बया लगेच सुरू झाली! तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. घाटात बंद पडली असती तर?”

“वेडा आहेस का तू?” मी ओरडलेच. “तोंडाने सांगता येत नव्हतं?”

“दुसऱ्यांची तोंडं उघडायची सवय आहे. स्वतःचं...”

“मग उघड आता.”

त्याने खोल श्वास घेतला. “मला तू आवडतेस. खूप. जाऊ नकोस असं नाही म्हणणार, ती शाळा तुला किती हवी होती ते मला माहीत आहे. पण तू गेलीस ना, की मी...”

मला खरं तर भांडायचं होतं. पण इतका आनंद झाला होता की भांडणाचा एक शब्द सुचेल तर शपथ.

“मलाही तू आवडतोस,” मी म्हणाले. “पण मी जाणार. शाळा उद्यापासून आहे. तो बाण सरळ केलास की दुपारी निघणार.”

“हो...” तो खाली बघत म्हणाला. “करतो सरळ. जाच तू.”

मी त्याच्या हनुवटीवरची पेस्ट अंगठ्याने पुसली.

“आणि डॉक्टर... त्या गावातल्या माणसांनाही दात असतात.”

आधी त्याला कळलंच नाही. मग तो असा हसला, की मला त्याचे सगळे दात मोजता आले.