बुवांनी लिहून दिलेली चाल

छप्पन सालच्या कुणकेश्वरच्या जत्रेत, भर दुपारी, वाऱ्यावर फडफडणाऱ्या कागदाचं एक टोक मी धरून ठेवलं होतं आणि त्याच कागदावर जत्रेत भजनाला आलेले जयरामबुवा माझ्यासाठी चाल लिहीत होते. नुसती सही काय, सगळेच मागतात! मी शाळेत गाणं शिकवणारी. मी त्यांच्या अभंगाची चाल सुरांसकट मागितली. लिहिता लिहिता त्यांचं बोट माझ्या बोटाला लागलं... आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. मी तिथेच भाळले.

मालवणला घरी येऊन पेटीवर वाजवली, तर चाल अंतऱ्यात अडखळायला लागली. बाबा पोट धरून हसले. म्हणाले, डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरचा बुवा चाल उचलेल, म्हणून हे बुवालोक कुणालाही लिहून देताना सुरांची एक जागा मुद्दाम चुकवतात. मागणाऱ्याचा मान राहतो आणि चालही घरात राहते.

माझं तोंड एवढंसं झालं. मी कागद उशाशी घेऊन झोपणार, आणि त्यांच्या लेखी मी आल्या-गेल्यातलीच एक? मग मात्र राग आला. पेटीशी झटून झटून मी ती जागा काढली, स्वच्छ अक्षरात लिहिली. बुवांची मंडळी दोडामार्गच्या गाडीसाठी मालवणच्या स्टँडवर थांबलीय असं कळताच तडक तिथे गेले.

कागद त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुमची चूक सुधारून आणलीय. बुवा गुणगुणू लागले, अंतऱ्याशी आले — आणि थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

“ही जागा तुमका कोणी सांगल्यान?”

“कोणी नाय. माझी मीच काढलंय.”

मंडळींकडे पाठ करून ते हळूच म्हणाले, “आमच्यात पुरी चाल घरच्या माणसाकच देतत. आता तुमका ती म्हायत जाली... काय करुचा?”

“तुमीच सांगा.” इतक्या धिटाईनं मी कधी कुणाशी बोलले नव्हते.

“माझ्या घरच्या होशात?”

गाडी आली. मृदंग टपावर चढला, मंडळी बुवांना हाका मारू लागली.

“आयतवारी येवा,” मी म्हटलं. “बाबा घराकडेच असतत.”

“आणि तेंनी नाय म्हटल्यानी तर?”

“मी हो म्हटलंय मा.”