मुंग्यांच्या माना कोणी मोडल्या?

"किल्ल्यात भूत आहे!" शेपूट किंचाळली आणि खोक्यातून उलटी रांगत बाहेर आली.

"किल्ल्यात भूत नसतं, सैनिक असतात," जनरल म्हणाली. "आणि सैनिक असे पाठ दाखवून पळत नाहीत. चल, आत!"

"मग ती खुळखुळ कोण करतंय?"

प्रश्न अगदी रास्त होता. किल्ल्याच्या छताला जरा कुणाचं डोकं लागलं की वरून खुळखुळ, खुळखुळ असा आवाज यायचा. किल्ला चार मोठ्या खोक्यांचा होता आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी अंगणात भिंतीला टेकून उभा राहिला होता. खोकी आली होती काकाच्या गाडीच्या नव्या चाकांची. टायरवाल्याने त्यातून चाकं काढून त्यांवर टायर चढवून दिले आणि तो रिकामी खोकी टाकून द्यायला निघाला, तेव्हा जनरलने ती हक्काने मागून आणली.

जनरल बारा वर्षांची. घरात तिचा हुकूम चालायचा, निदान तिला तसं वाटायचं. शेपूट तिची धाकटी बहीण. जनरल जाईल तिथे तिच्या मागे असायची, म्हणून ते नाव. आणि तिसरा होता शेजारचा शंकासुर. त्याला दिवसाला दहा शंका यायच्या आणि त्या पोटात ठेवणं त्याला जमायचं नाही. त्याचे आजोबा होते विश्वकोश! जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना माहीत असायची. हे नाव मुलांनी अर्थात त्यांच्या पाठीमागे ठेवलं होतं.

या क्षणी विश्वकोश बाह्या सरसावून काकाच्या गाडीजवळ उभे होते. गाडी जॅकवर चढली होती आणि काका घामाघूम होऊन शेवटचं चाक बसवत होता.

"बघ, होतंय की नाही? म्हणे गॅरेजला नेतो!" विश्वकोश म्हणाले. "चार नट सोडायचे, चार नट लावायचे. यात कसलं आलंय शास्त्र!"

"आजोबा," शंकासुराने मान पुढे काढली, "चाकं नवीन आणि नट मात्र जुनेच?"

"नट म्हणजे नट रे बाबा! आटे जुळले, फिरला, बसला. झालं!"

"पण मग..."

"आला का परत पण? जा, किल्ला सांभाळ."

काकाने शेवटचा नट आवळला, गाडी खाली उतरवली आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं. चाकं अशी चकाकत होती की काकाला त्यांत स्वतःचं तोंड दिसत होतं आणि ते आनंदाने फुललेलं होतं. आज चार वाजता त्याला दवाखान्यात जायचं होतं. काकू आणि त्यांचं नवं कोरं बाळ घरी यायचं होतं! मुलींची आई काकूच्या सोबतीला तिथेच होती. दवाखाना घाटाच्या खाली, म्हणजे बाळाचा जगातला पहिलाच प्रवास वळणावळणाच्या रस्त्याने होणार होता.

"माझं बाळ खटाऱ्यात बसून येणार नाही. राजासारखं येईल!" काका म्हणाला.

काका हात धुवायला आत गेला आणि शेपटीच्या डोक्यात एक कल्पना आली. बाळासाठी सगळ्यांनी काही ना काही केलं होतं. तिने काय केलं? काहीच नाही! ती काकूच्या टेबलावरून लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आली, भिंतीकडच्या पुढच्या चाकापाशी बसली आणि तिथे चार मुंग्या काढल्या. प्रत्येक मुंगीचं डोकं नटावर, पोट चाकावर. जणू मुंग्या नटावर चढायच्या बेतात होत्या. भिंतीच्या बाजूला असल्यामुळे त्या कुणाला दिसल्या नाहीत आणि शेपटीनेही बाळ येईपर्यंत तोंडाला कुलूप लावलं.

नेलपॉलिश वाळलं. दुपारचं जेवण झालं. काका बाळाची गादी आणायला बाजारात गेला. गादीचं दुकान कोपऱ्यावरच होतं, पण काका साऱ्या गावाला वळसा घालून आला. नवी चाकं चारचौघांना दाखवायला नकोत?

तो परत येऊन आत गेला न गेला, तोच अंगणात भोंगा वाजला. तो भोंगा म्हणजे शेपटीचं रडणं.

"माझ्या मुंग्यांच्या माना मोडल्या!"

जनरल आणि शंकासुर धावत आले. शेपटीने हुंदके देत सारं सांगितलं आणि बोटाने दाखवलं. खरंच! चारपैकी तीन मुंग्यांची डोकी एकीकडे आणि पोटं दुसरीकडे. एकच मुंगी शाबूत होती.

"हे मांजरीचं काम," जनरल म्हणाली. "तिला पकडून आणा!"

"पण मांजर पुसेल ना? मोडेल कशी?" शंकासुर गुडघ्यावर बसला. "बघ, रंग जरासुद्धा पुसलेला नाही. डोकी जशीच्या तशी आहेत. फक्त बाजूला सरकलीत."

"डोकी नटावर आहेत," जनरल हळूच म्हणाली. "डोकी सरकली म्हणजे..."

"नट फिरले!"

शेपूट रडायची थांबली.

"काकाने नंतर आणखी आवळले असतील तर?" शंकासुराला लगेच पुढची शंका आली.

जनरल पळत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आली. तिने झाकण घट्ट केलं, मग सैल केलं, मग पुन्हा घट्ट केलं. मुंग्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"तिन्ही डोकी सोडायच्या दिशेने गेलीत. नट सैल होतायत! एका बाजाराच्या फेरीत हे, मग घाटात काय होईल?"

"आणि गाडीत बाळ असेल," शेपूट म्हणाली.

तिघंही घरात धावली. काका तोंडाला फेस लावून दाढी करत होता आणि विश्वकोश खुर्चीत बसून त्याला दाढी कशी करावी ते समजावत होते.

"काका, चाकाचे नट सैल झालेत!"

"कुणी सांगितलं?"

"मुंग्यांनी!" शेपूट म्हणाली.

झालं! फेसातून काका खो खो हसला. जनरलने नीट सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण नेलपॉलिश हा शब्द येताच विश्वकोशांनी हात वर केला. "उन्हाने नेलपॉलिश वितळतं आणि सरकतं. साधी गोष्ट आहे."

"मग ते खाली ओघळेल ना आजोबा? गोल कसं फिरेल? आणि ऊन तीनच मुंग्यांना लागलं का?"

"उलटून बोलू नकोस! पळा बघू इथून. काकाला उशीर होतोय."

मुलं बाहेर आली. शंकासुराचे डोळे भरून आले होते. आजोबांवर त्याचा फार जीव होता आणि तेच आज त्याचं काही ऐकत नव्हते.

"गाडीची किल्ली लपवू या?" शेपटीने सुचवलं.

"छे! मग काका रिक्षाने जाईल आणि उद्या याच गाडीने घाट उतरेल," जनरल म्हणाली. "तो नट मोठ्यांनी स्वतःच्या हाताने फिरवला पाहिजे. शंकासुरा, तुझ्या आजोबांना सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"शिकवायला!"

"मग चला, शिकू या!"

विश्वकोश अंगणात आले तेव्हा तीन गुणी मुलं गाडीपाशी हाताची घडी घालून उभी होती.

"आजोबा," जनरल मधाळ आवाजात म्हणाली, "चाकाचा नट कसा सोडतात ते आम्हाला शिकवाल? तुमच्यासारखं कुणालाच समजावता येत नाही!"

विश्वकोश विरघळले. त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढायला शिडीसुद्धा लागत नसे! "या, या. असं पुढे बसा. हा पाना. नट सोडायला ताकद लागते, हां! सगळं अंग पान्यावर टाकायचं. हे असं..."

त्यांनी सगळं अंग टाकलं आणि तोल जाऊन पडता पडता वाचले. नट लोण्यासारखा फिरला होता! त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि नुसत्या दोन बोटांनी नट काढून हातात घेतला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"राहिला असेल सैल," ते पुटपुटले. "आवळून टाकू, म्हणजे झालं."

"पण आजोबा, सकाळी काकाने दात-ओठ खाऊन आवळला होता. मी पाहिलंय! मग सैल का झाला? पुन्हा नाही होणार?"

या वेळी आजोबा 'पळा' म्हणाले नाहीत. शंकासुराने तो नट त्यांच्या हातातून घेतला आणि उलटा केला. नटाचं बूड चेंडूसारखं गोल होतं. जुनी चाकं भिंतीशी पडली होती. त्यांच्या भोकात त्याने नट ठेवून पाहिला. भोक वाटीसारखं होतं आणि नट त्यात चपखल बसला. मग त्याने नव्या चाकाच्या भोकात डोकावून पाहिलं.

"हे तर नरसाळ्यासारखं आहे! उतरतं, सरळ!"

"शेपूट, खडू!" जनरलने हुकूम सोडला.

लंगडीच्या चौकटी आखायचा खडू आला. जनरलने नटाच्या बुडाला खडू चोळून ते पांढरं केलं. "आता आवळा आजोबा. आणि परत काढा."

विश्वकोशांनी निमूटपणे तसं केलं. नट बाहेर आला. बुडावरचा खडू जवळपास जसाच्या तसा होता. फक्त एक दोऱ्याएवढी बारीक गोल रेघ पुसली गेली होती.

"म्हणजे अख्खा नट एवढ्याशा रेघेवर टेकलाय," शंकासुर म्हणाला. "गाडी हादरली की सुटणारच!"

"काय चाललंय?" दारातून काकाचा आवाज आला. इस्त्रीचा शर्ट, बोटावर फिरणारी किल्ली. जनरलने नट त्याच्यासमोर धरला. काकाने तो पाहिला, मोकळं भोक पाहिलं, मान मोडलेल्या मुंग्या पाहिल्या. किल्ली फिरायची थांबली.

"मी... बाळाला घेऊन याच चाकांवर..." तो पायरीवर बसला. "चूक माझी आहे रे पोरांनो. तुम्ही सांगत होता आणि मी हसत होतो!"

"पण मग बरोबर नट मिळणार कुठे?" जनरल म्हणाली. "चाकं करणाऱ्यांनी नट दिलेच नाहीत का?"

"दिले असतील तर चाकांबरोबरच आले असतील," शंकासुर विचार करत म्हणाला.

"चाकं खोक्यात आली."

"खोकी कुठायत?"

तिघांनीही एकदम किल्ल्याकडे पाहिलं. वाऱ्याने छताचा पुठ्ठा जरासा हलला. खुळखुळ!

"भूत!" शेपूट ओरडली आणि या खेपेला किल्ल्यातून पळायच्या ऐवजी तिने किल्ल्यावरच उडी घेतली. किल्ला भुईसपाट! छताच्या खोक्याच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये एक जाड पिशवी अडकली होती. तिच्यात होते सोळा नवे नट, सगळ्यांची बुडं उतरती, निमुळती!

खडूची परीक्षा पुन्हा झाली. या वेळी नट बाहेर काढला तर बुडावरचा खडू चहूबाजूंनी साफ पुसलेला. नट सगळ्या अंगाने टेकला होता! काकाने टायरवाल्याला फोन लावला. "या चाकांना हेच नट लागतात," टायरवाला म्हणाला. "पिशवी खोक्यात राहून गेली, माझ्याही लक्षात आलं नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. आणि थोडं फिरून आलात की एकदा तपासा."

मग काय, पुन्हा जॅक, पुन्हा घाम! शेपटीने नव्या नटांवर सोळाच्या सोळा मुंग्या काढल्या, आणि या वेळी काका स्वतः बाटली धरून बसला. नेलपॉलिश वाळेपर्यंत सगळ्यांनी चाकांना फुंकर घातली. गाडीने साऱ्या गावाला वळसा घातला. परत येताच पाच डोकी चाकांशी वाकली.

"एकीचीही मान मोडली नाही!" शेपटीने जाहीर केलं.

काकाला दवाखान्यात पोचायला उशीर झाला, पण का ते कळल्यावर काकू रागावली नाही. गाडी संध्याकाळी अंगणात शिरली. सगळे बाळाकडे धावले. शेपूट मात्र आधी मुंग्या मोजून आली.

काकूने तिघांना जवळ ओढून घेतलं. "मोठं झाल्यावर बाळाला मी पहिली गोष्ट हीच सांगणार आहे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. आई म्हणाली, "शाब्बास रे माझ्या वाघांनो!" जनरलने सलाम ठोकला.

विश्वकोश थोडे मागे उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी शंकासुराच्या खांद्यावर हात ठेवला. "आज तुझी शंका खरी आणि माझं उत्तर खोटं ठरलं," ते सगळ्यांच्या देखत म्हणाले. "मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायचं धाडस मला झालं नाही. ते तू केलंस. विचारत जा, बेटा!"

शंकासुराने आजोबांना घट्ट मिठी मारली.

इतक्यात बाळाने टाहो फोडला. भूक लागली? झोप आली? डास चावला? सवयीने सगळ्यांनी विश्वकोशांकडे पाहिलं.

"मला काय माहीत!" विश्वकोश म्हणाले. "शंकासुराला विचारा!"

आणि सारं अंगण हसत सुटलं.