कोणी न वाचलेलं कलम

ज्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न झालं, त्याच वर्षी मी एका देशाची नागरिक झाले. लग्न कचेरीत झालं. सह्या झाल्या, चहा झाला, आणि चौथ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात निघून गेली. थोरली बहीण गेल्यापासून बारा वर्षं ती माझ्याकडे होती. निघताना तिने जुना टॅब माझ्या हातात ठेवला.

“मावशी, यात माझा एक गेम आहे. राजकारणाचा. हल्ली कोणी खेळत नाही, मलाही कंटाळा आलाय. पण वाचायला खूप असतं त्यात. तुझा सराव होईल.”

मी अक्षरं पन्नाशीत शिकले. लाँड्रीच्या मागच्या गल्लीत मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा, तिथे. भाचीच्या लग्नाच्या वेळी त्याला सहा वर्षं झाली होती, तरी वाचताना ओळीखाली बोट ठेवावं लागायचं. बोट उचललं की ओळ पळून जायची.

ती गेल्यावर घर फार मोठं झालं. दोन खोल्याच, पण मोठ्या झाल्या. म्हणून टॅब मी लाँड्रीत नेऊ लागले. दुपारी दीड ते अडीच इस्त्र्या बंद असत. वाफ बसलेली, खिडकीच्या काचा घामेजलेल्या, बाहेर हिवाळ्यातला बारीक, चिवट पाऊस. त्या तासात मी माझ्या देशात जायची.

देश कसला — साचलेलं पाणी. एके काळी चार हजार लोक तिथे भांडत होते म्हणे. पक्ष फुटत होते, सरकारं पडत होती. मी गेले तेव्हा साठ-पासष्ट उरले होते. राष्ट्राध्यक्ष पाचव्यांदा निवडून आला होता, कारण समोर कोणी उभंच राहिलं नव्हतं; आणि तो स्वतः तीन महिन्यांत एकदाही आला नव्हता. एकदा शेजारच्या देशाने युद्ध पुकारलं. ठरल्या दिवशी मैदानावर आमचं कोणी गेलं नाही. त्यांचंही कोणी आलं नाही. कंपनीने मग सगळ्यांना नवे रंगीत झेंडे वाटले. बैल गेला नि झोपा केला.

उरलेले लोक दिवसातून एकदा येत, सभागृहात जे विधेयक असेल त्यावर ‘अनुकूल’ दाबत, आणि जात. विधेयक म्हणजे नव्या कायद्याचा मसुदा. तो पानपानभर असायचा. तो कोणी वाचत नसे.

मी वाचायची. वाचायलाच तर आले होते.

मुदतीत शेवटपर्यंत पोचले असं माझं पहिलं विधेयक बंदराचं होतं. दहा कलमं जहाजांची, गोदामांची. बोट सरकवत अकराव्यावर आले आणि थांबले. परत वाचलं. ‘बंदरमंत्र्याने दर सोमवारी कडक इस्त्रीची पँट घालावी. पँट चुरगळलेली आढळल्यास मंत्रिपद जाईल.’

मला राग आला. अहो, असं मोघम कसं लिहायचं? खाली हरकतीची जागा होती. तिथे आजवर कोणीच काही लिहिलं नव्हतं. मी अक्षर शोधून शोधून लिहिलं. तास संपत आला तेव्हा लिहून झालं.

‘अकरावं कलम अपुरं आहे. कापड कोणतं ते दिलेलं नाही. टेरिकॉटला कडक इस्त्री लागली तर चकाकी येते आणि पँट कायमची जाते. त्यात मंत्र्याचा काय दोष?’

मिनिटभरात उत्तर आलं. कायदामंत्र्यांचं.

‘आपण... वाचता?’

‘मी सगळंच वाचते. हळू वाचते.’

‘आठ महिने मी प्रत्येक विधेयकात असं एक कलम पेरतोय. कोणीतरी ओरडेल म्हणून. तुम्ही पहिल्या, राजकन्या.’

राजकन्या! मी दचकलेच. मग लक्षात आलं, भाचीने लहानपणी घेतलेलं नाव होतं ते. राजकन्या सात. छप्पन्न वर्षांची राजकन्या, मनगटापर्यंत वाफेने भाजलेली.

‘मी राजकन्या नाही. मी लाँड्रीत इस्त्री करते.’

‘बरं झालं. राजकन्यांना टेरिकॉटचं काही कळत नाही.’

मी एकटीच हसले. मालकीणबाई हिशेब सोडून बघायला लागल्या. “काय गं, भाचीला दिवस गेले की काय?”

“नाही हो. बंदरमंत्र्याची पँट जळाली.”

मालकीणबाईंनी मला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं.

त्यानंतर प्रत्येक विधेयकात माझ्यासाठी एक कलम असायचं. रस्त्यांच्या विधेयकात — ‘राजकन्या ज्या दिवशी सभागृहात येणार नाहीत, तो दिवस सार्वजनिक दुखवट्याचा मानला जाईल.’ शेतीच्या विधेयकात — ‘राजकन्यांनी आज जेवणात काय खाल्लं हे सभागृहाला कळवावं.’ मी खाली हरकत घ्यायची. ‘सभागृहाला कशाला चौकशा?’ ते लिहायचे, ‘सभागृह झोपलंय. मी एकटाच जागा आहे.’ आणि ते कलम एकेचाळीस विरुद्ध शून्य मतांनी मंजूर व्हायचं. आमच्या सगळ्या गप्पा त्या देशाचा कायदा झाल्या. लोक झोपेत हात वर करत होते, आणि आम्ही... आम्ही काय करत होतो ते मला तेव्हा कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की सव्वाला माझी इस्त्री घाईने फिरायला लागते.

हळूहळू एकमेकांची माहिती झाली. ते त्रेसष्ट वर्षांचे, एकटे. एका छापखान्यात चौतीस वर्षं प्रूफं तपासली. छापखाना औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ते कागद छापायचा.

‘म्हणजे आयुष्यभर मी असं वाचलं, जे जगात कोणीच वाचत नाही,’ त्यांनी लिहिलं.

मी लिहिलं, ‘मी वाचलेत. आई होती तेव्हा तिच्या गोळ्यांच्या खोक्यांतले. मी अक्षरं शिकले तेव्हा भाचीची पुस्तकं मला जड जायची. “मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे” — मी वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य ते.’

अडीच वाजले. इस्त्र्या तापायला लागल्या. टॅब मिटणार तोच एक ओळ आली.

‘ती ओळ मी तपासली होती. अनेकदा.’

त्या दुपारी मी तीन शर्टांच्या बाह्यांची उलटी घडी घातली.

एक गोष्ट मात्र टोचायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार — त्या दिवशी दुपारी त्यांचं उत्तर यायचं ते दोन शब्दांचं, थकलेलं. मी विचारलं, तेव्हा सरळ सांगितलं. मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा सकाळी चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागायचं.

‘मग मला कोणत्या दिवशी भेटता?’ मी लिहून टाकलं. लिहिल्यावर कान तापले. पुसायला गेले, तर पाठवलं गेलं होतं.

‘नाही भेटत,’ ते म्हणाले. ‘रागावू नका. इथे माझ्यामागे एक खातं आहे. बाहेर माझ्यामागे एक नळी आहे. इथेच राहू द्या मला, राजकन्या.’

मी राहू दिलं. काय करणार? पण देश राहू देईना. चाळिसाचे पंचवीस झाले, पंचविसाचे सोळा. मग कंपनीची सूचना लागली — ज्या देशात महिनाभरात दहापेक्षा कमी लोक मतदान करतील, तो देश बंद होईल. कायदामंत्र्यांनी जुन्या खेळाडूंना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं : ‘तो गेम अजून चालू आहे?’

भाचीला फोन केला. ती म्हणाली, “मावशी, मेलेल्या झाडाला कशाला पाणी घालतेस?”

“झाडासाठी नाही घालत गं.”

“मग?”

“...झाडावर एक जण बसलाय.”

ती हळूच म्हणाली, “मावशी! कोण?” मी फोन ठेवला.

फेब्रुवारीत आम्ही बरोबर दहा उरलो. मी रोज आधी आकडा बघायची. हे संपलं, की तो माणूस संपला. नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. शहरात कुठे असेल, की शहरातच नसेल? मला एवढंच माहीत होतं, की तो कुठेतरी खुर्चीवर बसून माझी हरकत वाचतो. देश वाचवावा, तर असेच चार-दोन महिने मिळतील, आणि मग एका दुपारी पडदा कोरा. त्यापेक्षा...

विधेयक कोणीही मांडू शकत होतं. मी कधी मांडलं नव्हतं. तीन दुपारी लागल्या. माझं पहिलं आणि शेवटचं विधेयक. दोनच कलमं.

‘एक. कायदामंत्र्यांनी आपला खरा पत्ता राजकन्या सात यांना कळवावा.

दोन. न कळवल्यास राजकन्या सात हा देश सोडतील.’

मी सोडला की नऊ उरणार होते. देश बंद. ते त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

मतदान चोवीस तास चालायचं. सगळे आले, न वाचता ‘अनुकूल’ दाबून गेले. आठ. माझं नववं. त्यांचं शेवटी आलं — ‘प्रतिकूल’. देशात कोणी कशाच्या विरुद्ध मत दिल्याला वर्ष उलटलं असेल. नऊ विरुद्ध एक. मंजूर.

खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘हा अन्याय आहे.’

‘कायदा आहे,’ मी लिहिलं.

दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मालकीणबाई म्हणाल्या, “चेहरा असा का उतरलाय? तुझ्या देशात दुष्काळ पडला का?” मला रडू आलं. त्या घाबरल्या, स्वतः चहा करून आणला.

तिसऱ्या दिवशी दीड वाजता पत्ता आला. घराचा नव्हता. ‘मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सात ते अकरा. पुलाच्या पलीकडचं रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीकडून तिसरी खुर्ची.’

पुलाच्या पलीकडे! माझ्या घरापासून बसचे पाच थांबे.

गुरुवारी अर्धी सुट्टी घेतली. पाऊस भुरभुरत होता. जिना चढताना दोनदा वाटलं, परत फिरावं. दालनात आठ खुर्च्या, आठ मशीनं, सगळीकडून सारखा घरघर आवाज. खिडकीकडून तिसऱ्या खुर्चीत एक बारीक माणूस, डाव्या हाताला दोन नळ्या, मांडीवर ब्लँकेट. शर्टाची कॉलर मात्र... काय सांगू. इतकी वाईट इस्त्री मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटांकडे. ओळखलं.

“तुम्ही...”

“अहो, ही कॉलर कोणी केली?”

“मीच. पहाटे उठून.” ते ओशाळले. “तुम्ही येणार म्हणून गेल्या आठवड्यापासून रोज करतोय.”

“हे असं करतात? आतून आधी दाबायची, मग बाहेरून. उद्या सगळे शर्ट माझ्याकडे द्या.”

“उद्या नको, परवा. उद्या मी सभागृहात असतो.”

शेजारच्या खुर्चीतले काका म्हणाले, “बाई, जरा जवळ सरकून बोला. आम्हालाही ऐकू येऊ दे. इथे चार तास दुसरं काही नसतं.” परिचारिका हसली आणि स्टूल आणून दिलं. मी बसले. कायदामंत्र्यांचा मोकळा हात ब्लँकेटवर होता, गार, निळसर. मी माझा हात शेजारी ठेवला. धरला नाही. थोड्या वेळाने त्यांनीच करंगळी हलवली, एवढीशी, आणि ती माझ्या करंगळीला लागली. तशीच राहिली.

“मी काही फार दिवसांचा सौदा नाही हं,” ते खिडकीकडे बघत म्हणाले.

“मला वाचायला वेळ लागतो,” मी म्हटलं. “थोडंच असलेलं बरं.”

मग मी मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी तिथे असायची. दुपारची पाळी मागून घेतली. आम्ही एकाच टॅबवरून आपापलं मत द्यायचो. उन्हाळाभर दहाचा आकडा कसाबसा टिकला. सप्टेंबरात सातच मतं पडली. ऑक्टोबरच्या आठ तारखेला, गुरुवारी सकाळी, आमच्या डोळ्यांसमोर पाटी आली — ‘आपला देश बंद करण्यात आला आहे. कृपया दुसरा देश निवडा.’

त्यांनी पाटी दोनदा वाचली. “पाचशे बारा कायदे केले होते मी.”

“दुसरा निवडायचा?”

“नको.” मग म्हणाले, “तुमच्याशी एक बोलायचं होतं. लिहिणार होतो. आता लिहायला जागाच राहिली नाही.”

“मग तोंडी सांगा.”

“तोंडी मला... जमत नाही.”

“हळू सांगा. मला घाई नाही.”

शेजारच्या काकांनी डोळे मिटून घेतले. झोपल्याचं सोंग इतकं वाईट होतं, की मला हसू आवरेना. त्या हसण्यातच कायदामंत्र्यांनी सांगितलं. “मला घरी गेल्यावर... तुम्ही तिथे नसता, ते आवडत नाही.”

“मलाही नाही आवडत,” मी म्हटलं. “माझ्याकडे राहायला या. जिना एकाच मजल्याचा आहे. मधे बसायला खुर्ची ठेवते.”

शनिवारी ते आले. एक पेटी, नऊ शर्ट आणि शब्दकोश. भाचीने फोनवर विचारलं, “मावशी, लग्न न करता? लोक काय म्हणतील?” त्यांनी फोन घेतला आणि म्हणाले, “तुमच्या मावशीने कायदा करून मला आणलंय. नऊ विरुद्ध एक.” ती इतकी हसली, की पुढचं विचारायचं विसरली.

हिवाळाभर ते मला संध्याकाळी वाचायला लावायचे. बोट ठेवू द्यायचे नाहीत. अडखळले की नुसते वाट बघायचे, शब्द सांगायचे नाहीत. जानेवारीत मी अख्खं पान बोटाशिवाय वाचलं, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. हातात जोर नव्हता, आवाज आला नाही.

फेब्रुवारीत पाय सुजले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांना जिना चढवेनासा झाला, तेव्हा रुग्णालयात ठेवलं. ते माझ्या घरी पाच महिने राहिले. चौदा मार्चला, रविवारी, सकाळी सव्वानऊ वाजता ते गेले. मी शेजारी होते. त्यांचं वय चौसष्ट होतं.