शेंदराची तुटलेली रेघ

मूर्तिजापूर मागे पडलं आणि गाडीनं पुन्हा मान टाकली. रेडिएटरमधून भसाभसा वाफ निघाली, मागून सायलेन्सर फटकन वाजला आणि सगळी मंडळी अकोल्याच्या रस्त्यावर एका निंबाखाली उतरली.

ललिताताईच्या मांडीवर पदवीच्या कागदांची पिशवी होती. बारा वाजता अकोल्याच्या मुलींच्या शाळेत तिची मुलाखत होती. जागा एकच, आणि उशिरा येणाऱ्यासाठी कोणी थांबणार नव्हतं. धाकट्या शालूनं तिच्याकडे पाहिलं. ताई रडत नव्हती, पण पदर बोटाला गुंडाळत होती. म्हणजे फार वेळ उरला नव्हता.

ड्रायव्हर चंद्रभानकाकांनी आधी उन्हाला दोष दिला, मग पेट्रोलला. गाडी निवली की हळूहळू अमरावतीला परत फिरू, असं बाबा म्हणाले तेव्हा ताईनं नुसती मान खाली घातली.

शालूचा भाऊ देवीदास बोनेटखाली डोकं घालून उभा होता. त्यानं हळूच तिची वेणी ओढली आणि इंजिनाकडे बोट दाखवलं. "शालू, तुही रेघ पाय."

पाडव्याला ही जुनी गाडी घरी आली, तेव्हा पूजा शालूनंच केली होती. इंजिनालाही मान हवा म्हणून तेलात कालवलेल्या शेंदराची रेघ तिनं ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या डब्यावरून थेट खाली इंजिनावर ओढली होती. आता ती रेघ तुटली होती! वरचा तुकडा एकीकडे, खालचा बोटभर दुसरीकडे. डबा कोणीतरी फिरवला होता.

सरळ विचारलं असतं तर काकांनी कानांवर हात ठेवले असते. शालू त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि साळसूदपणे म्हणाली, की परवाच्या वरातीत आपल्या गाडीनं काय बार उडवले, आळीत अजून तेच चाललंय.

काकांची छाती फुगली. "मंग? एक फटाका नाई आनला. हा डबा जरासा फिरवला का ठिणगी पडते उशिरा. पेट्रोल जळत जळतच सायलेन्सरात जाते अन् तिथं फुटते. म्होरचा बँडवाला दोनदा उडाला!"

"अन् वरात झाल्यावर डबा परत फिरवला काय, काका?" देवीदासनं विचारलं.

काका उठले आणि पाना शोधायला लागले.

"चंद्रभान," बाबा म्हणाले, "माह्या पोरीची नोकरी तुह्या फटाक्यांत उडाली असती ना बे."

"पावने वाहवा करून राह्यले होते, मालक. मंग ध्यानातच नाई राह्यलं."

गावातल्या गावात ते खपून गेलं होतं. लांबच्या रस्त्यावर मात्र त्या उशिराच्या ठिणगीनं इंजिन तापलं. काकांनी बोल्ट ढिला केला. ते डबा फिरवत होते आणि शालू श्वास रोखून रेघेकडे बघत होती. अजून थोडं, अजून किंचित... जुळली! देवीदासनं जवळच्या विहिरीवरून पाणी आणलं. निवलेल्या रेडिएटरमध्ये ते ओतल्यावर इंजिन असं गुणगुणलं, की ताईनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

शाळेच्या दारात गाडी थांबली तेव्हा शिपाई ताईचंच नाव पुकारत होता.

संध्याकाळी नेमणूक पक्की झाल्याचं कळल्यावर बाबांनी पाना काकांच्या हातातून काढून शालूला दिला. "आता बोनेट उघडलं का पयले हिले बोलवायचं."

पुढच्याच आठवड्यात एका वराकडची मंडळी वरातीसाठी गाडी मागायला आली. चंद्रभानकाकांनी शालूकडे चोरून पाहिलं आणि खाकरून म्हणाले, "गाडी नेतो. फटाके तुमचे तुमी आना."