काजळाची तीट

पोलीस ॲक्शनला तीन वर्षं झाली होती. शहागंजातल्या वहिदाआपा चार दिवस फुलंब्रीला लग्नाला निघाल्या, तेव्हा घराची चावी त्यांनी शेजारच्या द्वारकाच्या पदराला स्वतः गाठ मारून बांधली.

"किसीकू नक्को देऊस. लई गोड बोलला तरी नक्को."

द्वारका फायनल, म्हणजे सातवी पास. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतली आपण नव्हे, एवढी एकच खात्री तिला स्वतःबद्दल होती. आईपणाबद्दल ती पार शंकाखोर. चार महिन्यांचं लेकरू दोन दिवस रडत होतं. ओवा झाला, वेखंड झालं, दृष्ट काढून झाली.

चौथ्या दिवशी भरदुपारी कडी वाजली. गल्ली सामसूम. दारात एक उंच, देखणा माणूस. अंगाला केवड्याचा वास, आणि हसू असं की द्वारकाला आधी आपले विस्कटलेले केसच आठवले.

"भाभी, आपांच्या घराची चावी..."

"कुणाला द्यायची नाही म्हणाल्यात."

"आम्ही कुठं कुणी आहोत?" त्यानं हात पुढं केले. चावीसाठी नव्हे, लेकरासाठी.

तिनं दिलं. रडं तिथंच थांबलं. माठाची ठिबक ऐकू यायला लागली.

"एवढ्या गोड गालावर डाग कशाला?" म्हणत त्यानं अंगठ्यानं तीट पुसली. नणंदेलाही तिटेला हात लावू न देणारी द्वारका चक्क लाजली. पदराची गाठ सोडताना तिची बोटं जराही अडखळली नाहीत.

लेकरू परत देऊन तो आपांच्या घरात गेला. बाहेर आला नाही.

दिवेलागणीला आपांचा टांगा थांबला. दाराला बाहेरून कुलूप, चावी कुलपातच. दोघी आत गेल्या. कुणी नव्हतं. केवड्याचा वास तेवढा होता.

"दिलीस..." आपा पुटपुटल्या. त्यांनी भिंतीवरचा पडदा सारला. मागं काजळ लागलेल्या अंगठ्याचे ठसे, ओळीनं. शेवटचा अजून ओला.

आपांनी एका जुन्या ठशावर हळूच बोट ठेवलं. "हा माझ्या फारूखचा."

आपांना एकच मुलगी, नजमा. मुलगा होता, हे द्वारकानं कधी ऐकलं नव्हतं.

"आपा... त्याचं काय झालं?" असं विचारायला हवं होतं. तोंडून निघालं भलतंच.

"आपा... तो परत येतो का?"

आपांनी तिच्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता, ओळख होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी द्वारकानं वेणी नीट घातली. लेकराच्या गालावर तीट लावली, रोजच्यापेक्षा जरा मोठीच. मग दाराची कडी काढून ठेवली.

पाळण्यात लेकरू दाराकडं बघून आधीच हसत होतं.